टॅबमधले 11 दिवस

"परवानगी मुदतीत मिळाली का? हो किंवा नाही." उद्योगांच्या परवानग्यांच्या सर्वेक्षणाचा टॅब घेऊन आलेल्या पोरीनं विचारलं आणि माझं डोकं परत तापलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं सहा माणसांचं मशीन शॉप. गेल्या वर्षी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, घेतलं. शॉप ॲक्टचा त्रास नाही, एवढ्या कमी माणसांच्या शॉपला 2017 च्या कायद्यानं नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी तर घरबसल्या. अडलं ते एका ना-हरकत दाखल्यापाशी. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, परत जायचंय तिथं.

मुदत 15 दिवसांची. चौदाव्या दिवशी पोर्टलवर त्रुटी: नकाशा अस्पष्ट. ना मेसेज, ना फोन. मला कळेपर्यंत तीन आठवडे गेले. नवा नकाशा चढवला, तर म्हणे भाडेकरार जोडा. तो पहिल्या दिवसापासून जोडलेला! आमची सुट्टी सोमवारी, म्हणून चार सोमवार तिथल्या बाकावर काढले. साहेब कधी मीटिंगला, कधी साइटवर. मशीन ताडपत्रीखाली आणि बँकेचा हप्ता चालू. दाखला हातात पडला 107 व्या दिवशी. त्यांच्या नोंदीत मात्र 11 दिवस, कारण शेवटची त्रुटी निघाल्यापासून मोजलेले.

तेच 11 टॅबवर आधीच भरलेले.

"काका, सिस्टीममध्ये असंच आलंय."

"मग सिस्टीमलाच विचार की बाळ, मला कशाला विचारतीस?"

बिचारी गप्प. तिचा काय दोष. मी डायरी काढली, तारखा वाचल्या, तिनं शेवटच्या शेऱ्याच्या चौकटीत लिहून घेतल्या. तुम्हीही अर्जाची पहिली पोचपावती छापून ठेवा आणि पोर्टल रोज उघडून बघा.

एवढा हट्ट कशाला? केंद्राच्या 2020 च्या उद्योगसुधारणा आराखड्यात राज्यांचं मूल्यमापन वापरणाऱ्यांच्या अभिप्रायावरच झालं. पूर्वी जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या यादीत भारत 63 वा आला, तेव्हा मोजली होती फक्त मुंबई आणि दिल्ली. आता कोल्हापूरला कोणी विचारतंय, तर खरं सांगायला नको?

"एक नियम बदलायचा तर कुठला?" शेवटचा प्रश्न.

"सगळ्या त्रुटी एकदाच कळवा. आणि दिवस मोजायचे ते अर्ज केल्यापासून."

चहा पिऊन ती शेजारच्या शॉपमध्ये गेली. दोन मिनिटांत बाहेर. त्यानं सगळ्याला 'हो' म्हणून वाटेला लावलं होतं.