पवनाकाठचं चिंचवडगाव

पिंपरी-चिंचवड म्हटलं की कारखाने आठवतात, पण चिंचवडगावाचा जीव नदीकाठीच आहे. मोरया गोसावींचं समाधिमंदिर पवनेच्या घाटाला लागून, अगदी सखल जागी. त्यामुळे पवना धरण भरून विसर्ग वाढला आणि खाली पाऊसही लागून राहिला, की पाणी थेट मंदिरात शिरतं. जुलै-ऑगस्टमध्ये दर्शनाला जायचं तर आधी विसर्गाची बातमी बघा. पाणी ओसरलं तरी दगडी पायऱ्यांवर गाळ राहतो, पाय हमखास घसरतो.

मार्गशीर्षात समाधी महोत्सव असतो. भाद्रपदात आणि माघात मंगलमूर्तींची पालखी मोरगावला निघते, तो दिवस तर चुकवूच नये!

चापेकर बंधू इथलेच. २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडणाऱ्यांचं हे गाव, म्हणून चौकाला त्यांचं नाव.