आमचा स्किप आणि शेजारच्यांचा टीव्ही

इंग्लंडमध्ये घराचं जरा मोठं काम काढलं की स्किप, म्हणजे कचरा भरायचा भाड्याचा मोठा लोखंडी डबा, मागवावाच लागतो, आणि स्किप आला की अख्ख्या गल्लीला आपापलं गॅरेज आवरायची आठवण होते. आम्हाला बिल्डरने हे आधीच सांगितलं होतं, ऑफिसातल्या लोकांनी पण सांगितलं होतं, आणि सगळे हसत हसतच सांगतात, म्हणजे होतंच असं, त्यात काय एवढं. मला त्यात फार हसण्यासारखं वाटत नाही. दोन काळ्या पिशव्यांनी जागा गेली म्हणून भांडणाऱ्यातली मी नाही, पण स्किपमध्ये जे काही पडतं ते स्किपवाल्याच्या लेखी आपलंच असतं. कोणी टाकलं, रात्री टाकलं की दिवसा, त्याला काही घेणंदेणं नाही, बुकिंग आपल्या नावावर आणि जास्तीचं बिल पण आपल्याच नावावर.

आमचं किचनचं काम होतं. जुनी कपाटं, टाइल्स, वर्कटॉप, थोडा विटांचा राडारोडा, म्हणून सहा यार्डाचा स्किप घेतला, म्हणजे साधारण साडेचार घनमीटर. ड्राइव्हवरच ठेवला, म्हणजे घरासमोरच्या गाडी लावायच्या आमच्या जागेत. रस्त्यावर ठेवायचा तर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, परमिट लागतं, १९८० च्या हायवेज ॲक्टमध्येच आहे ते, वर रात्री त्याला दिवे लावा, रिफ्लेक्टर लावा ही कटकट. ड्राइव्हवर यातलं काहीच नाही. फक्त आमच्या आणि शेजारच्या ड्राइव्हमध्ये भिंत नाहीये, गुडघ्याएवढी झुडपं आहेत, त्यामुळे त्यांच्या दारातून आमचा स्किप म्हणजे चार पावलं.

शेजारच्यांना आम्ही घरात काका म्हणतो, त्यांना अर्थातच हे माहीत नाही. रिटायर्ड आहेत, एकटेच राहतात, आमची पार्सलं घेऊन ठेवतात, आम्ही बिन बाहेर ठेवायला विसरलो तर आमची पण ओढून बाहेर ठेवतात. हे मुद्दाम सांगतेय कारण असं करणारा शेजारी म्हणजे कोणीतरी खडूस माणूस असणार असं वाटतं ना आपल्याला, आणि खडूस असता तर सोपं होतं की, सरळ दोन शब्द सुनावता आले असते.

सुरुवात फांद्यांनी झाली. सकाळी बघते तर आमच्या फुटक्या टाइल्सवर हिरव्यागार फांद्या, आणि आमच्याकडे तर बागेत कापण्यासारखं झाडच नाही. मी सोडून दिलं. मग एक गुंडाळलेलं कार्पेट आलं, तेही सोडून दिलं, फक्त नवऱ्याला दाखवलं. मग रंगाचे डबे, त्यातल्या एकदोनात तळाशी रंग शिल्लक होता, आणि मग एक दिवस बिल्डरने हाक मारून दाखवलं, कपाटाच्या फळ्या उचलून त्याखाली एक जुना जाडजूड टीव्ही ठेवलेला आणि वरून फळ्या परत नीट रचलेल्या. म्हणजे बघा हं, फांद्या टाकणारा माणूस "जागा दिसली, टाकल्या" असं म्हणू शकतो, पण टीव्ही फळ्यांखाली लपवणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हा स्किपमध्ये चालत नाही. तिथे माझं डोकं सटकलं.

कारण किती जागा गेली यापेक्षा काय पडलं ते जास्त महागात पडतं. बुकिंगच्या वेळी कंपनी एक यादी पाठवते, ती कोणी वाचत नाही, पण त्यात असतं सगळं. टीव्ही, मॉनिटर, फ्रिज, टायर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, गॅसचे सिलिंडर, ओला रंग, ॲस्बेस्टॉस, हे काहीही चालत नाही. गादी बऱ्याच ठिकाणी चालते पण दर गादीमागे वेगळे पैसे लावतात. प्लास्टरबोर्ड, म्हणजे भिंतींना-छताला लावतात तो जिप्समचा बोर्ड, वेगळा ठेवावा लागतो, कारण त्यातलं जिप्सम कुजणाऱ्या कचऱ्यात मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी गॅस, म्हणून २००९ पासून लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरायच्या जागेत, ते एकत्र पुरता येत नाही. आणि सोफ्याचं तर २०२३ पासून फारच कडक झालंय. जुन्या सोफ्यांच्या फोममध्ये आणि कापडात आग लागू नये म्हणून जी केमिकल्स घालायचे ती वर्षानुवर्षं विघटनच होत नाहीत, म्हणून असे सोफे, आरामखुर्च्या आता पुरता येत नाहीत, जाळावेच लागतात, आणि दुसऱ्या कचऱ्यात मिसळायचेही नाहीत. म्हणजे कोणी रात्रीत येऊन तुमच्या स्किपमध्ये आरामखुर्ची टाकली तर तो नुसता आगाऊपणा नाही, तुमच्या अख्ख्या स्किपचा घोळ करून ठेवलाय त्याने.

शिवाय स्किप काठाच्या वर भरलेला चालत नाही. वर डोंगर दिसला की ड्रायव्हर सरळ म्हणतो उतरवा, नाहीतर मी चाललो, आणि फुकट फेरीचे पैसे लावतात ते वेगळंच. आपण फळ्या आडव्या-उभ्या लावून, कपाटं फोडून, टेट्रिस खेळल्यासारखी जागा वाचवायची आणि त्या वाचवलेल्या जागेत दुसऱ्याचं कार्पेट.

स्किप एवढे महाग का असतात हाही प्रश्न असतोच लोकांना. त्यात लँडफिल टॅक्सचा हात आहे. १९९६ मध्ये हा टॅक्स सुरू झाला तेव्हा टनाला ७ पौंड होता, २०२५-२६ मध्ये तो १२६.१५ पौंड होता. विटा-मातीसारख्या निरुपद्रवी गोष्टींना दर खूप कमी आहे, पण नुसत्या विटांच्या स्किपमध्ये शेजारचं कार्पेट आलं की तो नुसत्या विटांचा स्किप राहत नाही, मिक्स्ड होतो. बागेचा ओटा फोडून फक्त राडारोडा भरणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, तुम्हाला स्वस्तात मिळालेला स्किप तिथल्या तिथे महाग होऊ शकतो.

आता करायचं काय. नवऱ्याचं म्हणणं, रात्री टीव्ही उचलून त्यांच्या दारात ठेवून यायचा, विषय संपला. भावना मला शंभर टक्के पटली, पण नको म्हटलं. एकतर तो टीव्ही त्यांचाच आहे हे आपण बघितलंय का? नाही. आणि दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय कचरा ठेवणं हे आपण केलं तरी तेच, १९९० च्या एन्व्हायर्न्मेंटल प्रोटेक्शन ॲक्टखाली फ्लाय-टिपिंगच्या, म्हणजे बेकायदा कचरा टाकल्याच्या, दंडाची भाषा सुरू होते, इंग्लंडमध्ये कौन्सिल जागच्या जागी १००० पौंडांपर्यंत दंड लावू शकते. उद्या त्यांनी फोटो काढला तर त्यात आपणच दिसणार, टीव्ही धरून.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर कॅमेरा लावा, कौन्सिलला कळवा, वकिलाचं पत्र पाठवा, एकाने तर पोलीस पण सुचवले. कौन्सिल खाजगी ड्राइव्हवरच्या स्किपमध्ये सहसा पडत नाही, तुमची जागा, तुमचा कचरा, तुम्ही बघा. कॅमेरा लावता येतो, पण तो शेजाऱ्यांच्या दारावर रोखलेला असेल तर डेटा प्रोटेक्शनचे नियम तुम्हालाही लागू होतात, म्हणून फक्त आपल्या ड्राइव्हपुरता ठेवायचा. आणि लेखी तक्रारीची एक गोम फार कोणाला माहीत नसते. इथे घर विकताना टीए-६ नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात शेजाऱ्यांशी काही वाद किंवा तक्रारी झाल्यात का असा थेट प्रश्न असतो आणि खरं उत्तर द्यावं लागतं. एका टीव्हीपायी पुढच्या गिऱ्हाईकाला "शेजाऱ्यांशी वाद" असं लिहून द्यायचं? मला नाही परवडणार. काही लोक तत्त्वासाठी करतील, करू देत.

म्हणून मी बोलायलाच गेले. पण "तुम्ही टाकलंत का" असं विचारायचं नाही हे ठरवून गेले, कारण तसं विचारलं की समोरचा नाही म्हणतो आणि एकदा नाही म्हटलं की त्याला त्याच नाहीवर बसून राहावं लागतं, मग आपला टीव्ही आपल्याकडेच. मी म्हटलं, "आमच्या स्किपमध्ये कोणीतरी टीव्ही आणि रंगाचे डबे टाकलेत, कंपनी ते घेणार नाही आणि आम्हाला पैसे लावेल, तुम्ही दिवसभर घरी असता, कोणी दिसलं का?" काका एक सेकंद गप्प, मग म्हणाले, "टीव्ही घेत नाहीत होय? मला वाटलं घेतात." बास. एवढंच. मग स्वतःच म्हणाले, तो माझाच असेल, मी घेऊन जातो. फांद्यांबद्दल आणि कार्पेटबद्दल एक अक्षर बोलले नाहीत आणि मीही काढलं नाही, त्यांना वाट मोकळी ठेवली तेवढी पुरे होती.

"मला वाटलं घेतात" वर माझा काडीचा विश्वास नाही, फळ्या आपोआप रचल्या गेल्या नव्हत्या. पण ते मान्य करून घ्यायची मला गरजच नव्हती, मला टीव्ही बाहेर हवा होता आणि तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही, त्याला सॉरी ऐकायचं होतं.

त्यांची अडचण पण कळली बोलताना. त्यांनी गाडी चालवणं सोडलंय, टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा नेऊन टाकायच्या केंद्रावर, जायला साधनच नाही, आणि आमच्याकडे टिपवर चालत जायची परवानगी नाही. कौन्सिलची मोठं सामान न्यायची सर्व्हिस असते, बहुतेक ठिकाणी पैसे घेतात, ती ऑनलाइन बुक करायची असते, तिथे त्यांचं घोडं अडलेलं. मी ते फोनवरून करून दिलं. चांगल्या अवस्थेतलं फर्निचर असेल तर ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था घरी येऊन फुकट घेऊन जातात, सोफ्यावर आगीचं लेबल शाबूत असलं पाहिजे फक्त. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना तर खरंच निमित्त नाही, २०२३ च्या डिसेंबरअखेरपासून इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या टिपवर घरच्या कामाचा थोडा राडारोडा पण फुकट घ्यावा लागतो, प्रत्येक वेळी ५० लिटरच्या दोन पिशव्या, चार आठवड्यांत चार खेपा.

एक मजेशीर गोष्ट मात्र लक्षात आली या सगळ्यात. स्किपमधून काही हवं असलं की लोक बेल वाजवून विचारतात. दोन घरं सोडून राहणारा एकजण आमच्या कपाटांची दारं मागायला आला, त्याला अलॉटमेंटवर, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळतो त्या जमिनीच्या तुकड्यावर, शेड करायचं होतं, इतका संकोचून उभा होता की मीच उचलून दिली. जे घेतात त्यांच्यामुळे आपली जागा मोकळी होते आणि ते परवानगी मागतात, जे टाकतात ते रात्री येतात. उलटं असतं तर किती बरं.

त्या दिवसापासून आम्ही स्किपवर ताडपत्री टाकायला लागलो. ताडपत्रीने कोणी अडत नाही, दोरी सोडली की झालं, पण उघडा स्किप दिसला की हात आपोआप जातो, आणि बांधलेली ताडपत्री सोडायची म्हणजे आपण काहीतरी करतोय हे स्वतःलाच कबूल करावं लागतं. शिवाय पावसाने सामान भिजून जड होत नाही. रोज काम संपलं की बिल्डर वरून एक फोटो काढायचा, तो पण उपयोगी, कंपनीशी वाद झाला तर आपण काय भरलं होतं ते दाखवता येतं. त्याहून बरं म्हणजे स्किप उगाच आदल्या शुक्रवारी मागवायचाच नाही, तोडफोड सुरू होते त्या सकाळी मागवायचा आणि भरला की लगेच न्यायला सांगायचं. रिकामा स्किप शनिवार-रविवार दारात उभा म्हणजे आमंत्रणच. झाकणाचे, कुलूप लावायचे स्किपही मिळतात, त्यांचे पैसे जास्त.

आणि कंटाळून "मी नेतो सगळं स्वस्तात" म्हणणाऱ्या कुठल्याही व्हॅनवाल्याला देऊ नका. त्याचं कचरा वाहतुकीचं रजिस्ट्रेशन एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या साइटवर तपासता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. त्याने तुमचा कचरा कुठे आडरानात टाकला आणि त्यात तुमच्या नावाचं पाकीट सापडलं तर दंड तुम्हालाही होऊ शकतो, ६०० पौंडांपर्यंत.

आमचा स्किप वेळेत गेला, ड्रायव्हरने वर चढून नजर टाकली, फांद्या आणि कार्पेट गेलंच त्यात, जास्तीचं बिल आलं नाही. पुढच्या वर्षी बागेतली शेड पाडायची आहे, तेव्हा मी वेट अँड लोड मागवणार आहे, म्हणजे लॉरी दारात अर्धा तास थांबते, आपण भराभर भरायचं आणि ती तिथूनच स्किप घेऊन जाते. रस्त्यावर असली तरी सहसा परमिट लागत नाही. सगळं आधी तोडून ड्राइव्हवर रचून ठेवावं लागतं आणि दोघंतिघं हाताशी लागतात. काकांना आत्ताच सांगून ठेवलंय की तुमच्या फांद्या असतील तर आदल्या दिवशी आणून द्या, टीव्ही नको.