पायथॉनमध्ये मराठी शब्द का तुटतात

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'आरई' (मजकुरात नमुने शोधणाऱ्या) मॉड्यूलला 'मराठी' हा शब्द द्या आणि बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस (\w+, म्हणजे शब्दात चालणारी सलग चिन्हं) लावून शोधा. हाती येतं 'मर' आणि 'ठ'. काना, वेलांटी युनिकोडमध्ये (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात) अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. आणि इथला डब्ल्यू अक्षर, अंक, अंडरस्कोर एवढंच धरतो. पिपने (पायथॉनची मॉड्यूलं बसवणाऱ्या साधनाने) 'रेजेक्स' मॉड्यूल टाका, इम्पोर्टची ओळ बदला, शब्द अखंड मिळेल. ते टाकता येत नसेल तर चौकटी कंसात ०९०० ते ०९७एफ ही देवनागरीच्या युनिकोड क्रमांकांची रेंज द्या. मात्र तिच्यात दंड (।) आणि देवनागरी आकडेही येतात.

खरी डोकेदुखी 'दुसऱ्या' या शब्दाची. कुणी थेट 'ऱ' टंकतो, कुणी र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब), तर जुन्या फायलींत र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) सापडतो. दिसायला तिन्ही सारखे, तुलना केली की फॉल्स! एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीने) पहिले दोन एक होतात, तिसरा ढिम्म हलत नाही. शिवाय झेडडब्ल्यूजे वरच्या रेंजबाहेर, म्हणजे शब्द पुन्हा तुटणार. म्हणून आधी रिप्लेसने ती तिकडी काढून तिथे 'ऱ' आणि हलन्त घाला, मग नॉर्मलाइज करा. सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवलेत तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, आणि ते शोधात कधीच सापडत नाही.