मातीचा नाग बघायला बत्तीस शिराळ्याला

नाग घडताना बघायचा असेल, तर ऐन नागपंचमीला शिराळ्यात जाऊ नका. आठ दिवस आधी, आषाढ सरता सरता जा. पंचमीला गर्दीत कुणाला बोलायला सवड नसते.

आम्ही पेठ नाक्याला हायवे सोडला. पाऊस होताच. कुंभाराच्या पडवीत नाग ओळीनं वाळत होते, काही नुसत्या वेटोळ्यापर्यंत आलेले. माती मळलेली तयार होती. आजींनी तिची वळी केली, वेटोळं घातलं, टोक वर उचललं आणि अंगठ्यानं दाबत फणा पसरवला. डोळ्यांना दोन गुंजा. मग वाळलेल्या दुसऱ्या नागावर काडीनं पांढरा दहाचा आकडा काढला. म्हणाल्या, "ह्यो आकडा चुकला तर त्याला नाग कोन म्हनंल? नीट बघून काढायचा." आमच्या आईनं भिंतीवर काढलेले नाग आठवले, ती आकडा काढताना कुणाशी बोलत नसे.

गावची कथा मातीच्याच नागापासून सुरू होते. गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले, तेव्हा घरातली बाई मातीचा नाग पूजत होती, म्हणून भिक्षेला उशीर झाला. जिवंत नाग पूजशील का, असं नाथांनी विचारलं आणि ती हो म्हणाली. तिथून जिवंत नागाची प्रथा आली, असं गाव मानतं. नाग पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या, पूजा प्रतिमेची होऊ लागली. मला यात श्रद्धेची हानी दिसत नाही. नांगर न धरण्याचा, न चिरण्या-तळण्याचा, दिंडं उकडण्याचा नेम पाळणारं घर नागाला जपतच असतं.

फोटो काढण्याआधी विचारा. कुणी पैसे घेऊन टोपलीतला नाग दाखवतो म्हणाला तर थांबू नका, १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. नागाला दूधही पाजू नका, ते त्याचं अन्न नव्हे. वेळ असेल तर समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी इथला मारुती आणि गोरक्षनाथांचा मठ बघा.

नाग विकत घेतलात तर तो कच्च्या मातीचा आहे हे विसरू नका. भुश्शात ठेवून डबा मांडीवर घ्या, डिकीत टाकू नका. विसर्जन बादलीत करा आणि माती तुळशीला घाला. तळाशी राहिलेल्या गुंजा तेवढ्या वेचून घ्या. गुंज विषारी असते, लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका.