‘नाही’ म्हणून मोकळी झाले

“मावशी, सामुराईंमध्ये, त्या जुन्या जपानी योद्ध्यांमध्ये, बायका नसायच्याच ना?” भाचीने चित्र रंगवता रंगवता विचारलं. मी भाजी चिरत होते. “नाही गं,” म्हणाले.

रात्री अंथरुणावर पडले आणि नाकानो ताकेको आठवली.

1868, जपानमधलं आइझू संस्थान, सम्राटाच्या फौजेशी युद्ध चाललेलं. विशीतली मुलगी, हातात नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं वक्र पातं. सामुराई घरातल्या मुली ते शिकत, कारण पुरुष मोहिमेवर गेले की घर राखायचं त्यांनीच. हिशेब, मुलं, नोकरचाकर हेही त्यांच्याकडेच.

आइझूच्या सैन्यात बायकांना अधिकृत जागा नव्हती. तरी ताकेको काही जणींना घेऊन बंदुकांसमोर उतरली. गोळी लागली. शीर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ते कापायला तिने धाकट्या बहिणीला सांगितलं. बहिणीला!

पण माझी झोप उडवली ती तिच्या नागिनात्याला बांधलेल्या कवितेने. तिचा आशय असा: शूर योद्ध्यांच्या मनापुढे मी गणतीतही नाही, तरीही...

गणतीतही नाही. तिने हे लिहिलं, आणि दीडशे वर्षांनी भाजी चिरता चिरता मीही तेच म्हटलं.

सकाळी भाचीला उठवून सांगणार आहे. तिच्या चित्रात अजून जागा असेल ना?