लाली उतरवणारे थेंब आणि काचबिंदू

डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर कंपनीने दिलेले नाव ठळक छापलेले असते. ज्या मजकुरावर माणसाची दृष्टी अवलंबून असू शकते, तो मात्र भिंगाशिवाय वाचता येत नाही. ‘डेक्सामेथासोन 0.1 टक्के’, ‘बीटामेथासोन’, ‘प्रेडनिसोलोन’ यांपैकी एखादा शब्द त्यात असेल, तर त्या बाटलीत स्टिरॉइड आहे. फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर उभी असताना माझ्यासमोर अशी रिकामी बाटली वारंवार ठेवली जाते आणि पाठोपाठ वाक्य येते, “ताई, हेच द्या, ह्याने लगेच फरक पडतो.” मला काळजी वाटते ती याच वाक्याची. फरक खरोखरच पडतो: लाली उतरते, खाज थांबते, पाणी येणे बंद होते. आणि म्हणूनच ती बाटली पुन्हा पुन्हा, चिठ्ठीशिवाय, एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहते.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व बुबुळाचा रंगीत पडदा जिथे मिळतात, त्या कोनातील बारीक जाळीतून तो सतत बाहेर जात असतो. स्टिरॉइडमुळे या जाळीची रचना हळूहळू बदलते आणि निचरा मंदावतो. नळ चालूच आणि मोरी तुंबलेली, अशी अवस्था होते. त्याने डोळ्यातला दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस खराब होऊन नजर जाऊ लागते, तोच काचबिंदू. डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. 1960 च्या दशकात अमेरिकेत आर्मली आणि बेकर या नेत्रतज्ज्ञांनी निरोगी माणसांच्या डोळ्यांत चार ते सहा आठवडे स्टिरॉइडचे थेंब घालून दाब मोजला. तेव्हा साधारण विसातल्या एकाचा दाब 15 मिलिमीटरहून अधिकने वाढला आणि सुमारे तिघांतल्या एकाचा 6 ते 15 मिलिमीटरने वाढला. विसातले ते एक आपण आहोत की नाही, हे आधी कळण्याचा कोणताही सोपा मार्ग नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा मोठ्या उणे नंबरचा चष्मा असेल, तर शक्यता वाढते, एवढेच सांगता येते.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो मुलांसाठी. उन्हाळा लागला की काही मुलांचे, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलग्यांचे, डोळे ॲलर्जीने लाल होतात, चिकट दोऱ्यासारखा स्राव येतो, आणि मूल मुठींनी डोळे चोळत बसते. हा त्रास वर्षानुवर्षे येत राहतो आणि आई-वडील एकदा गुण आलेले थेंब दरवर्षी आणत राहतात. मुलांमध्ये दाब मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो, पण डोळा दुखत नाही. नजर कडेकडून कमी होत जाते. मूल फळ्यावरचे अक्षर नीट वाचते, मात्र बाजूने आलेला चेंडू त्याला दिसत नाही आणि त्याला धांदरट म्हटले जाते. औषध बंद केल्यावर दाब बहुधा काही आठवड्यांत खाली येतो, परंतु डोळ्याच्या नसेचे झालेले नुकसान भरून येत नाही. ओलोपॅटाडीनसारखे स्टिरॉइड नसलेले थेंब अशा ॲलर्जीत पुष्कळ वेळा पुरतात, आणि त्रास तीव्र असेल तर नेत्रतज्ज्ञ सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देऊ शकतात.

2023 च्या पावसाळ्यात आळंदीच्या शाळकरी मुलांपासून राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हाही अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या बाटल्यांची मागणी होत होती. असा विषाणूजन्य आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. त्यासाठी स्वतःच्या मनाने स्टिरॉइड घालणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेच थेंब आवश्यक असतात, हेही तितकेच खरे. तिथे डॉक्टर मात्रा आठवड्यागणिक कमी करत नेतात आणि मधूनमधून तपासतात. ती मुदत संपल्यावर उरलेली बाटली कपाटात जपून ठेवू नये. पापण्यांच्या इसबावर किंवा गोरेपणासाठी डोळ्यांभोवती लावलेल्या स्टिरॉइडच्या मलमानेही दाब वाढल्याची उदाहरणे आहेत.

काही औषधे मात्र अगदी वेगळ्या वाटेने आणि एकाएकी घात करतात. ज्यांच्या डोळ्यांतला कोन मुळातच अरुंद असतो, त्यांची बाहुली औषधाने विस्फारली की तो कोन बंद होऊन दाब एकदम चढू शकतो. नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या, सर्दीवरची काही औषधे आणि नेब्युलायझरमधले इप्राट्रोपियम यांचा यात समावेश होतो. तण काढताना धोतऱ्याचा रस डोळ्यांत गेला तरी बाहुली अशीच विस्फारते, कारण त्यात ॲट्रोपीन असते. अर्धशिशी आणि फिट्सवर दिले जाणारे टोपिरामेट तर कोन अरुंद नसलेल्यालाही सोडत नाही. क्वचित, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, दोन्ही डोळ्यांत आतून सूज येते, भिंग पुढे ढकलले जाते आणि लांबचे अचानक धूसर दिसू लागते. अशा वेळी नेहमीच्या तीव्र काचबिंदूतला लेझरचा उपाय उपयोगी पडत नाही, म्हणून कोणती गोळी नव्याने सुरू झाली आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगणे महत्त्वाचे ठरते. डोळा दुखणे, उलटी होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

दमा, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टिरॉइड घेणाऱ्यांनी हे वाचून औषध परस्पर थांबवू नये; प्रेडनिसोलोनची गोळी दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केल्यास जिवावर बेतू शकते. त्यांनी डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा. ही तपासणी काही मिनिटांची आहे, आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या, पंप, मलमे आणि थेंब एका पिशवीत घालून नेल्यास त्यांना बारीक अक्षरांतला मजकूर स्वतः वाचता येतो.