वेलांटीची तलवार

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. एका मराठी पिक्चरचं पोस्टर सकाळी सोडायचं होतं. नाव सांगत नाही, तीन अक्षरी आहे आणि पहिल्याच अक्षराला पहिली वेलांटी. गोष्ट एवढीच की रिटायर झालेले मास्तर, गावातलं जुनं घर, विकायचं का नाही. मारामारी नाही काही नाही.

संध्याकाळी प्रोड्युसरचा फोन. "बाकी छान आहे हो, फक्त टायटल जरा भारी करा." भारी म्हणजे काय हे आता मला विचारावं लागत नाही. शिरोरेषा जाड करायची, टोकं भाल्यासारखी, वेलांटी पार शेवटच्या अक्षरावरून ओढून तिची तलवार करायची आणि वर सोनेरी मेटल, दोन-चार ओरखडे. केलं. बिल त्यांच्याकडूनच निघायचं होतं, खोटं कशाला बोला.

प्रिंट टेबलावर पडली होती, मास्तरांचा चेहरा नेमका कीबोर्डखाली गेलेला. चहावाला पोरगा कप ठेवता ठेवता म्हणाला, "दादा, महाराजांवर नवीन येतोय का?"

झालं! मास्तरांच्या घरावर मी मावळे चढवले होते.

त्याची चूक नाहीच. आपल्याकडे लोक टायटल वाचायच्या आधी ओळखतात. तलवार दिसली की ऐतिहासिक, शिरोरेषा तोडून गुबगुबीत अक्षरं उड्या मारायला लागली की विनोदी, कोरड्या ब्रशचे फटकारे असले की गावाकडची रक्तबंबाळ स्टोरी. हॉलिवूडवाल्यांचं तरी काय वेगळं, रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावरच्या अक्षरांवरून कॅरोल ट्वॉम्ब्लीने १९८९ साली अडोबीसाठी ट्राजन फॉण्ट केला आणि मग ज्याला त्याला आपला पिक्चर भव्य दाखवायला तोच. आमच्याकडे मात्र कमल शेडगेंसारखा माणूस होऊन गेला, नाटकागणिक वेगळं अक्षर काढायचे, पेपरातल्या एवढ्याशा जाहिरातीत नाटकाची जात कळायची. आणि मी काय करत होतो तर वेलांटीला धार लावत होतो.

डायरेक्टरला फोन केला. तो म्हणाला, खडूने लिहिल्यासारखं करू. म्हटलं नको रे बाबा, शाळा आली की खडू. आणि आपली गोष्ट शाळेची नाहीच, घराची आहे.

मग आठवलं, मोबाईलमध्ये जुन्या घरांच्या कपाळावरच्या नावांचे फोटो होते, सिमेंटमध्ये उठवलेली, खाली साल घातलेली असतात ना, ती. झूम करून बघत बसलो. गवंड्याच्या हातची अक्षरं ती, गोलाईला थापी नीट फिरत नाही म्हणून कोपरे निघालेत, चौकट संपली म्हणून शेवटचं अक्षर अंग चोरून बसलंय, वेलांटी तर वर जागाच नाही म्हणून चपटी झालीय. तशीच काढली. रात्री दीडपर्यंत ती एक वेलांटी दाबत होतो. जास्त दाबली तर मोबाईलवर शिरोरेषेला चिकटून नुसता डाग दिसत होता, कमी दाबली की परत डौल यायचा.

सकाळी फ्लेक्सवाल्याचा फोन, कलाकारांची नावं फुटलीत. घाईत खालची ओळ कर्व्ह करायची, म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकायचं राहिलं, त्याच्याकडे आपला फॉण्ट नाही, सगळ्या पहिल्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे जाऊन उभ्या! टायटल हाताने काढलेलं म्हणून वाचलं. फाईल परत पाठवली.

चहावाल्याला पुन्हा बोलावलं, फोटो हाताने झाकला. बराच वेळ बघून म्हणाला, "कोणाच्या बंगल्याची पाटी करताय का?"

डायरेक्टरला कळवलं, तो खूश. प्रोड्युसर म्हणाले, "भारी नाय झालं, पण असू दे, टाईम नाहीये." बिल दिवाळीत निघालं.